खालच्या गल्लीचं रक्त

नव्वदच्या दशकात मी पत्रकं लिहायचो. ‘रक्तदान : उपकार नव्हे, जबाबदारी’ हे त्यातलं सगळ्यात लांब. शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीत ते वाटलं, तर पोरांनी त्यावर भडंग घेऊन खाल्लं.

एका दुपारी सरकारी दवाखान्यात शाहूवाडीकडचा एक शेतकरी भेटला. बाळंतपणात रक्त जाऊन बायको अत्यवस्थ होती. मी माझं रक्त लगेच दिलं, पण डॉक्टर म्हणाले, अजून लागेल आणि आजच लागेल. मागोमाग पेठेतल्या तालमीत या, असं त्याला सांगून मी पुढं गेलो.

आमच्याकडं कुस्तीच्या प्रत्येक तालमीची फुटबॉल टीमही असते; आमची तालमीतच बसली होती. दुसऱ्या दिवशी खालच्या गल्लीतल्या तालमीशी मॅच. मी माणुसकी, समता, शोषण या क्रमानं बोललो. कॅप्टन म्हणाला, रक्त दिलं की पाय गळतात, मॅच झाल्यावर बघू. बाई मॅचपर्यंत थांबेल काय, असं मी विचारलं. एकजण बुटाची नाडी ओवत राहिला. बाकीचे त्याच्याकडं बघत राहिले.

तेवढ्यात शेतकरी धापा टाकत दारात आला.

“चुकून खालच्या तालमीत गेलतो,” तो म्हणाला. “तिथली पोरं गेली की दवाखान्यात.”

कॅप्टन उठला. “खालच्यांचं एकट्यांचं रक्त चढवायचं? चला, पावणं.”

दवाखान्यात दोन्ही टीम एकाच रांगेत. आधी कोण, यावरून ढकलाढकली. खालच्यांपैकी एकानं आमच्या कॅप्टनला सल्ला दिला, “तू राहू दे, उद्या पळायचं हाय.” कॅप्टन म्हणाला, “तुझ्याम्होरं अर्ध्या रक्तात पळतो.” नर्सनं दोघांनाही बाहेर काढायची धमकी दिली.

मला संताप आला. बाकावर शेतकऱ्याशेजारी बसून मी त्याला समजावलं, की ईर्षेपोटी केलेली मदत ही मदतच नव्हे, ही सरंजामी वृत्ती आहे, तिचा निषेधच केला पाहिजे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा उतरला.

“मग तसलं रक्त चालत न्हाय व्हय?”

“चालतं,” मी म्हणालो.

“मग हळू बोला की. आयकलं तर उठून जातील.”



बाई वाचली. मॅचमध्ये गोल कुणाचाच झाला नाही. पाय दोन्हीकडचे गळाले होते.