जावरची वाटी

सगुणाच्या घरातून कोणाचं भांडं रिकामं परत जात नाही. विरजण मागायला आलेल्या शेजारणीची वाटी असो की सत्यनारायणाच्या प्रसादाचं ताट, परत करताना त्यात चार आमसुलं, मूठभर पोहे, अगदीच काही नसलं तर परसातल्या दोन मिरच्या पडतातच. ही रीत काही तिची एकटीची नव्हे. पण बाकीच्या बायका अडल्या वेळी ती बाजूला ठेवतात, सगुणा ठेवत नाही. या हट्टापायी एक पितळी वाटी बत्तीस वर्षं तिच्या फळीवर पडून होती.

अलोऱ्याच्या पुढे घाटाच्या पायथ्याला तिची वाडी आहे. वाडीच्या वर, सड्यावरच्या सपाट कातळावर, बॉक्साइटची खाण होती. खाणीबरोबर कॉलनी आली: पत्र्याचे क्वार्टर, मेस, रविवारचा बाजार. आता तिथे भिंती आहेत, त्यातून वाढलेले उंबर आहेत आणि माणूस म्हणाल तर लाकडं वेचायला जाणारी सगुणा.

खाण चालू होती तेव्हा सगुणाचा नवरा गंगाराम तिथे लोडर होता. फोरमन नाथूलाल हा उदयपूरकडच्या जावरचा. त्या गावी शेकडो वर्षांपासून चांदी काढत आले, आमच्या बापजाद्यांनी डोंगर पोखरलेत, असं तो ऐटीत सांगायचा. त्याची बायको लहरीबाई सगुणाच्या घरी ताकाला यायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यामुळे दोघींचं अतिशय चांगलं जमलं. लहरीबाई लसणीची चटणी आणायची, सगुणा त्याच वाटीतून घावन पाठवायची. सगुणाच्या चुलीवर बांगडा असला की लहरीबाई नाकाला पदर लावून अंगणात उभी राहायची, आणि सगुणा आतून ओरडायची, "उभी ऱ्हा तशीच, तुजा धर्म वाऱ्यावर उडाला बघ." लहरीबाईला काही कळायचं नाही. हसायची मात्र.

एका भाद्रपदात खाण बंद झाली. चार महिने पगार नव्हता, भात अजून शेतात होतं, कणगी खरवडून झाली होती. निघायच्या आदल्या दिवशी लहरीबाई दारात आली आणि तिने आपली चटणीची पितळी वाटी मागितली. घरात द्यायला काही नव्हतं. मिरचीसुद्धा नव्हती. सगुणाने खुणांनी सांगितलं, उद्या खीर करते आणि वाटी घेऊन येते. कसली खीर? घरात ना तांदूळ, ना गूळ, गाय आटलेली. पण तसं सांगायचं म्हणजे लहरीबाईने स्वतःच्या डब्यातलं पीठ काढून दिलं असतं, आणि ते सगुणाला नको होतं. दुसऱ्या दिवशी कुठून तरी वाटीभर तांदूळ उसने आणून ती सड्यावर पोचली, तोवर ट्रक गेला होता. वाटीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं, 'नाथूलाल, जावर'. एवढाच पत्ता.

दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून मरायचं नाही, हे सगुणाने मनाशी धरलं होतं. गंगाराम गेला, मुलगा लोट्याला कारखान्यात लागला. वाटी दर दसऱ्याला चिंचेने घासली जायची आणि पुन्हा फळीवर बसायची.

गेल्या माघात सगुणा लाकडांना गेली असताना मेसच्या भिंतीतल्या फटीत तिला एक प्लास्टिकचा डबा दिसला. आत वही, पेन्सिल, खेळण्यातली गाडी, किल्लीची साखळी. कोणीतरी विसरलेलं दिसतंय, असं म्हणून तिने डबा घरी आणून स्वच्छ धुतला, वस्तू होत्या तशा ठेवल्या आणि वर सहा खोबऱ्याच्या वड्या घालून तो परत फटीत ठेवून आली. आठ दिवसांनी बघितलं तर वड्या नव्हत्या. तिला बरं वाटलं. मग दर आठवड्याला कधी लाडू, कधी भाजलेल्या काजूबिया असं सुरू झालं.

महिनाभराने वाडीत विचारत विचारत मृणाली तिच्या घरी आली. ही चिपळूणच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, वय पस्तिशीचं, पायात चिखलाचे बूट. डबा तिचाच होता. ती तो विसरली नव्हती, तिने तो मुद्दाम लपवला होता.

"आजी, हा खेळ आहे," ओटीवर बसून ती सांगू लागली. "मी डबा लपवते आणि जागेचा आकडा नेटवर टाकते. लोक फोन बघत शोधत येतात. सापडला की वहीत नाव लिहितात. आतली वस्तू घ्यायची असेल तर दुसरी ठेवायची."

"मग मी काय येगळां केलां?"

"तुम्ही खायचं ठेवलंत. मुंग्या लागल्या, उंदरांनी वही खाल्ली. पुण्याच्या एकाने तक्रार केली. खायची वस्तू डब्यात चालत नाही, नियम आहे. पुन्हा झालं तर माझा डबाच यादीतून काढतील."

"पुण्याच्याने लाडू खाल्लान आणि मग तक्रार केलीन?"

"बहुतेक."

"जल्लं त्याचां तोंड," सगुणा म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

चहा पिताना मृणालीने पिशवीतून एक पत्र्याचा बिल्ला काढून दाखवला. त्यावर नंबर होता. हा एखाद्या वस्तूला बांधायचा आणि तिला कुठे जायचंय ते नेटवर लिहून ठेवायचं. ज्याला डब्यात ती सापडेल तो तिला पुढच्या डब्यापर्यंत नेतो. अशी एक बाहुली चिपळूणहून थेट मनालीला गेली होती.

सगुणाने कप खाली ठेवला. फळीवरची वाटी काढून मृणालीच्या पुढ्यात ठेवली आणि सगळी हकिगत सांगितली. सगळी म्हणजे, खिरीपर्यंतची. घरात काही नव्हतं, हे सोडून.

"टपालाने नाही पोचायची," मृणाली वाटी फिरवत म्हणाली. "पण उदयपूरला हा खेळ खेळणारे आहेत. कोणीतरी जावरला जाऊन विचारेल. खात्री नाही देत, आजी. द्या, बांधते."

"थांब. तांदळाचा लाडू करत्ये, त्यात घालून ने."

"आत्ताच सांगितलं ना? खायचं नाही. रिकामीच पाठवावी लागेल."

"रिकामी न्हाय जायची."

"मग एखादी शिंपली घाला. बांगडी घाला."

"शिंपली काय खायाची हाय? तिच्या घरची पोर उपाशी असली तर बांगडी चावंल?" सगुणाने वाटी उचलून फळीवर ठेवली. "ऱ्हावदे बाय. नको."

मृणालीने आपला फोन नंबर लिहून दिला आणि ती गेली.

मग पंधरा दिवस सगुणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. रीत म्हणजे रीत, असं ती गाईला ऐकवायची. पण रात्री पाठ टेकली की तोच हिशोब पुढे यायचा. त्या दिवशी वाटी रिकामी दिली असती तर काय झालं असतं? लहरीबाईला कळलं असतं की हिच्या घरी चूल पेटलेली नाही. एवढंच. त्या एवढ्याशा लाजेपायी मैत्रिणीला दाराशी खोटं सांगितलं आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. वाटी नाही, बाईच रिकामी पाठवली. मग रीत कसली पाळली? आणि आपण सत्तरीच्या. आता खीर आधी की वाटी आधी?

एका सोमवारी वाटी घासून, फडक्यात बांधून, ती सकाळच्या एसटीने चिपळूणला गेली. कॉलेजच्या शिपायाने कोण हवंय विचारलं तर "डबेवाली बाय" म्हणाली. तरी नशीब, त्याला कळलं.

मृणालीने व्हरांड्यात फडकं सोडलं. वाटीत काही नव्हतं.

"बांध तुजा बिल्ला," सगुणा म्हणाली. "वांगडा चिठ्ठी चालतां काय?"

"सोबत चिठ्ठी चालते. सांगा, हिंदीत लिहिते."

सगुणाने समोरच्या मैदानाकडे तोंड वळवलं. पोरं क्रिकेट खेळत होती.

"लिही, सगुणाकडनं. खिरीचां खोटां होतां. त्या दिवशी घरात काय नव्हतां."

मृणालीने लिहून घेतलं. तिने वर पाहिलं, पण सगुणा मैदानाकडेच बघत होती.

"अजून काही, आजी?"

"काय न्हाय. परत वाच."

मृणालीने वाचलं. सगुणाने हिंदी ऐकून मान हलवली आणि बाराच्या गाडीला उशीर होईल म्हणून उठली. "डब्यात आता मी काय ठेवत न्हाय," एवढं मात्र जाताना सांगितलं. "आली सड्यावर की घरला येऊन खा."

वाटी महिन्याभरात पुण्याला गेली, मग नाशिकला. नाशिकच्या कोणी तिचा फोटो टाकला, मृणालीने तो येऊन दाखवला. सगुणाने चष्मा लावून निरखून पाहिला. आषाढात सुरतेला पोचल्याचं कळलं. तिथे ती दोन महिने अडकून आहे. सुरतवाला परीक्षेत गुंतला आहे म्हणे. लहरीबाई हयात आहे की नाही, हेही कोणाला ठाऊक नाही.

मृणालीचा फोन आला की सगुणा कुठवर गेली ते विचारतेच, पण त्याच्या आधी दुसरंच विचारते.

"कोणी त्यात काय घातलान तर न्हाय ना गो?"

"नाही, आजी. फक्त चिठ्ठी आहे."

"बरां हाय," सगुणा म्हणते. "तशीच जाऊंदे."