चहा न घेणारा पाहुणा

पिंपरीजवळच्या रहाटणीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने आमच्या गल्लीतल्या सात घरांचा चहा नाकारला. आमच्याकडे भांडण असलेल्या घरीसुद्धा माणूस अर्धा कप घेतो आणि मग भांडतो. हा मात्र दोन्ही हात जोडून, मान खाली घालून, जणू आपल्याच हातून काही फुटलंय अशा चेहऱ्याने "नको" म्हणायचा. अंगाने एवढा आडवा की दारातून आत येताना तिरका व्हायचा, आणि एवढ्या देहाचा माणूस बशीभर चहाला घाबरतो याची सगळ्यांना गंमत वाटायची.

तो मिशनरी होता. वय वर्षं वीस. न्यूझीलंडच्याही पलीकडे टोंगा नावाचा बेटांचा देश आहे, तिथला. त्यांच्या पंथातली मुलं दोन वर्षं घर सोडून परमुलखात सेवेला जातात. पाठवतील तिथे जायचं, मधे घरी यायचं नाही. चहा-कॉफी त्यांच्यात वर्ज्य. हे सगळं त्याने आमच्या घरमालकीणबाईंना, म्हणजे आक्कांना, नीट समजावून सांगितलं. आक्का मूळच्या रहाटणीच्या. शेताच्या जागी तीन मजली खोल्या उभ्या राहिल्या तरी त्यांचं बोलणं बांधावरचंच राहिलेलं.

"चहा सोडलाय म्हंजी पोरानं देवाकडं काय तरी मागितलंय," आक्कांनी निकाल दिला.

"न्हाई आक्का, नियम हाय," तो म्हणाला. मराठी तो आक्कांकडूनच शिकत होता, त्यामुळे पांढरा सदरा आणि टाय लावून हा राक्षस अस्सल मावळी बोलायचा.

"ऱ्हाऊ दे. नवस काय आसा उघड सांगत्यात व्हय?"

झालं. गल्लीभर बातमी गेली की पाहुण्याने नवसासाठी चहा सोडलाय. कोणी म्हणालं आई आजारी असेल, कोणी म्हणालं लग्न जमत नसेल. कुणाचाच राग उरला नाही. आक्का त्याच्यासाठी आलं, वेलदोडा, साखर, दूध असा सगळा सरंजाम उकळायच्या, पत्ती तेवढी टाकायची नाही. पुढे सातही घरांत तेच सुरू झालं. 'पाहुणा' हे नावही तेव्हाच पडलं. त्याचं खरं नाव इतकं लांब होतं की आक्का मधेच थांबून दम घ्यायच्या.

पाहुण्याला एक जोडीदार दिलेला होता, विशाखापट्टणमचा, किडकिडीत आणि अबोल. दोघे आमच्याच इमारतीत आक्कांच्या एका खोलीत भाड्याने राहायचे. दोघांनी कधीही एकमेकांना सोडून राहायचं नाही, असाही त्यांचा नियम. एक दूध आणायला निघाला की दुसरा चपला शोधायचा. "नवराबायकू बी एवढी चिकटून नसत्यात," आक्का म्हणायच्या. लिफ्ट नसलेल्या आमच्या इमारतीत गॅसचा सिलेंडर वर चढवणं म्हणजे दिव्य. पाहुणा तो खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर न्यायचा, आणि मागोमाग जोडीदार हात हलवत चढायचा, हात हलवत उतरायचा. नियम म्हणजे नियम.

एकदा आक्कांनी त्याला तोंडावरच विचारलं, "आमाला बाटवायला आलास का रं तू?"

तो सिलेंडर खाली ठेवून म्हणाला, "न्हाई आक्का. विचारलं तर सांगनार. न्हाई विचारलं तर शिलेंडर वर नेनार."

आक्का हसून हसून पायरीवर बसल्या. विषय तिथेच मिटला, तो कायमचाच.

त्याचा दिवस घड्याळावर चालायचा. साडेसहाला उठून गच्चीवर जोर मारणार. मग वाचन, प्रार्थना, मराठीचे धडे. दोनच चांगले सदरे होते, ते आलटून पालटून स्वतः इस्त्री करणार. दहाला दोघे सायकली काढणार आणि काळेवाडी, पिंपळे सौदागर, कधी पार तळवडे. त्यांच्या मंडळीतली जी थोडीथोडकी कुटुंबं होती त्यांच्याकडे जायचं, कुणाची म्हातारी दवाखान्यात न्यायची, कुणाच्या मुलाचं गणित घ्यायचं, कुणाचं सामान हलवायचं. सायकलची सीट त्याने सात महिन्यांत दोनदा मोडली. त्याच्या मापाची चप्पल पिंपरीच्या बाजारात मिळाली नाही. ती मोच्याकडून करून घ्यावी लागली. पण संध्याकाळी घामाने निथळत परत यायचा तेव्हा चेहरा असा की जणू कुठूनतरी जेवण झोडून आलाय. एवढा खूश माणूस मला तेव्हा सहन व्हायचा नाही.

कारण मी तेव्हा पक्का रडका होतो. बीड जिल्ह्यातून डिप्लोमा करून आलो आणि चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो. दिवसभर उभं राहून कास्टिंग, म्हणजे ओतलेले सुटे भाग, तपासायचे. सहा महिने काढले तर कायम होण्याची आशा होती, मधे सोडलं तर काहीच नाही. आणि माझं सगळं चित्त गावाकडे. आईची गावात पिठाची गिरणी आहे. परत जायचं आणि तिच्याबरोबर गिरणीवर बसायचं, हे मी दर दोन दिवसांनी ठरवायचो. शिकलेलं वाया जाणार हे कळत होतं, तरी ठरवायचो. रोज चार-चारदा आईला फोन. मेसची डाळ पातळ, सुपरवायझर खडूस, पाणी एक दिवसाआड, पाठ दुखते. पलीकडे आई रडायची आणि म्हणायची, "ये बाबा निघून. अर्धी-अर्धी भाकर खाऊ."

पाहुणा आठवड्यातून एकदाच घरी फोन करायचा. सोमवार त्यांचा कपडे धुण्याचा, दाढी-केसांचा दिवस. त्या दिवशी सकाळी गच्चीवर तो व्हिडिओ कॉल लावायचा. माझी सेकंड शिफ्ट असली की मी तिथेच कपडे वाळत घालत असायचो. भाषा कळायची नाही, पण पलीकडून हसण्याचे आवाज यायचे आणि हा मोठमोठ्याने काहीतरी विचारत असायचा. एकदा मी विचारलं, काय बोलता रे एवढं? माझ्याशी तो हिंदी-इंग्रजीची मिसळ करून बोलायचा. म्हणाला, डुकरांची चौकशी करतो. कुठली व्याली, किती पिल्लं झाली, आजीने कुणाला काठी मारली.

"आणि इथलं? तुला ताप आला होता मागच्या आठवड्यात, ते सांगितलंस?"

"मी रडलो की आई रडते," तो म्हणाला. "आई रडली की डुकरांना उशिरा खायला मिळतं. डुकरांनी माझं काय वाकडं केलंय?"

मग ओला सदरा पिळता पिळता त्याने विचारलं, "तू रोज आईला सगळं वाईटच सांगतोस. दिवसभरात एकही बरी गोष्ट होत नाही?"

मला मिरच्या झोंबल्या. तुला काय जातंय, तुला ना शिफ्ट ना सुपरवायझर, असं काहीतरी मी बोलून गेलो. त्याने वाईट वाटून घेतलं नाही, उलट माझी बादली खाली पोचवली. त्याचा मला आणखीच राग आला.

तो आमच्याकडे सात महिने राहिला. एका शनिवारी त्याच्या वरिष्ठांचा फोन आला आणि मंगळवारी दुसऱ्या गावी रवानगी झाली. त्यांच्यात अशीच बदली होते. मी कामावर होतो, निरोपही धड झाला नाही. आता तो त्याच्या बेटावर शाळेत शिकवतो, त्याला दोन मुली आहेत आणि गल्लीतल्या प्रत्येकाची तो नावानिशी चौकशी करतो. पण मला तो आठवतो तो जाण्याच्या दोन महिने आधीच्या एका सोमवारचा.

त्या सोमवारी मी गावी निघालो होतो, कायमचा. कंपनीत कुणाला सांगितलं नव्हतं. काळेवाडी फाट्यावरून संध्याकाळी सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं होतं, आईला कळवलं होतं. दुपारी बाकरवडी घेऊन परत आलो तर जिन्यात पाहुणा बसलेला. टाय नाही, पायात काही नाही. त्याने सगळी पायरी अडवली होती, त्यामुळे मला वर जाता येईना. जोडीदार शेजारी उभा, एक हात त्याच्या खांद्यावर, काय करावं ते न कळलेला.

त्याची आजी गेली होती. आई शेतात राबायची, म्हणून त्याला लहानाचं मोठं आजीने केलं होतं. सकाळच्या फोनवर कळलं. वरिष्ठांनी विचारलं, जायचंय का? घरून आई म्हणाली, आजी शेवटी बोलली ती एवढंच, की त्याला अर्ध्यातून बोलवू नका. तो जाणार नव्हता. हे सगळं त्याने मला अगदी सरळ आवाजात सांगितलं. डोळे कोरडे होते.

तेवढ्यात आक्का आल्या. त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि पिठल्याचं पातेलं.

"आज तुमच्या खोलीत शेगडी पेटवायची न्हाई," त्या म्हणाल्या. "मयताच्या घरी पेटवत न्हाईत. श्येजाऱ्यानं आणायचं आस्तं."

"आक्का, भूक न्हाई," पाहुणा म्हणाला.

"भूक कुणाला आस्ती रं आशा टायमाला? म्हनून तर दुसऱ्यानं भरवायचा. कडू घास म्हंत्यात त्याला." आणि त्या माझ्याकडे वळल्या. "तू भरव."

"मी?"

"मंग कोन? घरचं मानूस लागतं. त्याचं हितं घरचं कोन हाय दुसरं?"

मी बाकरवडीची पिशवी पायरीवर ठेवली. हात धुतले, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि त्याच्या तोंडापुढे धरला. ज्या माणसाला मी तोडून बोललो होतो, त्याने लहान मुलासारखं तोंड उघडलं. घास चावता चावता तो रडायला लागला, आणि असा रडला की वरच्या मजल्यावरची माणसं दारात आली. मीही रडलो, जोडीदारही रडला. मग आक्कांनी आम्हा दोघांनाही एकेक घास भरवला आणि दटावलं की आता दहा दिवस कुणी गोडधोड आणलं तर बघा. पाहुणा कितीतरी वेळ आजीबद्दल बोलत राहिला. ती गोड गायची, तिचा नेम अचूक होता, चपलेचासुद्धा. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसून ऐकत होतो. उठावंसंच वाटलं नाही.

सहाला आईचा फोन आला.

"निघालास का? बसलास का गाडीत?"

"नाही आई. आज नाही येत."

"कामून रे? काय झालं?"

"घरी सुतक आहे."

ती दचकली. "कोणाच्या घरी?"

"इथं," मी म्हणालो. "आपल्याच." आणि तिला सगळं सांगितलं: बेट, आजी, डुकरं, पिठलं. त्या दिवशी मेसच्या डाळीचं नावसुद्धा निघालं नाही. आई मधे एकदाही रडली नाही, नुसती हं, हं करत ऐकत राहिली. माझं सांगून संपलं.

मग म्हणाली, "त्या लेकराला सोडून येऊ नको बाबा. ऱ्हा तिथंच."