अक्काची चांदी

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. डोईफोडियाच्या सासरहून ती कायमची परत आली, त्या दिवशी तिच्या दोन्ही घोट्यांना फडकी गुंडाळलेली होती. माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि मी तिला जेमतेम दोनदा पाहिलं होतं. बसमधून उतरून ती गावातल्या शनवाऱ्याच्या चौकापर्यंत रिक्षाने आली आणि तिथून आमच्या दारापर्यंत लंगडत चालत आली. फडकी सोडली तेव्हा डाव्या घोट्यावर कातडी नव्हतीच, आतलं पांढरं दिसत होतं.

तिच्या पायात लग्नातले चांदीचे तोडे होते. पाय भरले तसे ते घट्ट झालेले, निघत नव्हते. तिच्या नवऱ्याला ते विकायचे होते. तिच्या सासूने आधी साबण लावून पाहिला. मग नवऱ्याने तिला ओट्यावर बसवलं, तिच्या मांडीवर गुडघा रोवला आणि पकडीने तोडे वाकवून उघडले. डाव्या पायाला पकड घसरली. पुन्हा लावली. पुन्हा घसरली. हे सगळं अक्काने मला हळद लावून घेताना सांगितलं, भाजी कशी केली ते सांगावं तशा आवाजात. आमच्याकडे नणंदेच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. मी त्या माणसाला इथे नुसतं 'तो' म्हणणार आहे.

माझे मिस्टर केळीच्या व्यापारात, शाहपूरच्या बाजूला पहाटे जायचे ते संध्याकाळी यायचे. मी शाळेत शिकवते. घरी अक्काच असायची. पाय बरा झाल्यावर तिने पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकलं. ब्लाउज, पिको-फॉल, परकर. हात चांगला होता, बायका येत राहिल्या. हाताशी थोडं जमलं की ती पदर डोक्यावर घेऊन सराफाकडे जायची आणि दहा ग्रॅमचा एक चांदीचा सिक्का घेऊन यायची. लक्ष्मी-गणपतीचा असो, नुसता फुलाचा असो, तिला छापाशी देणंघेणं नव्हतं. सोनं परवडत नव्हतं आणि दागिना तिला नको होता.

मी एकदा म्हटलं, "अक्का, एखादी साखळी तरी करून घ्या. अंगावर दिसेल."

"अंगावरचं ओढून काढता येतं, वहिनी," ती म्हणाली. "आणि घडणावळ वेगळी जाते. सिक्का बरा."

पहिल्या वेळी मी तिच्यासोबत गेले होते. सराफ म्हातारा आणि बोलका होता. त्याने सिक्का काट्यावर ठेवून दाखवला आणि म्हणाला, "बहनजी, प्लास्टिकमधून काढू नका. हवा लागली की काळा पडतो. आणि पावती सांभाळा, विकायला आलात तर कटौती कमी लागेल, पैसे कमी कापले जातील." अक्काने घरी आल्याबरोबर प्लास्टिक कात्रीने कापलं. प्लास्टिकमध्ये जागा फार जाते, असं तिचं म्हणणं. सिक्के काळे पडू नयेत म्हणून ती त्यांच्यात खडूचे तुकडे ठेवायची. ते खडू मीच शाळेतून आणून द्यायचे.

चांदीची अडचण अशी की ती जागा मागते. सोनं मुठीत मावतं. चांदी डब्यात ठेवली की डबा भरतो, डबा हलवला की वाजतो. अक्काने त्यावर आपला उपाय काढला. आमच्या गावात लूमचं कापड मुबलक. तिने जाड कोऱ्या कापडाच्या दुपदरी, दुहेरी शिवणीच्या लांबट थैल्या शिवल्या, मनगटाहूनही बारीक, वीत-दीड वीत लांब. त्यांत सिक्के एकावर एक रचले की इकडेतिकडे हलत नाहीत, वाजत नाहीत. तोंड नाडीने आवळून वर टाका घालायची. भरलेली थैली हातात घेतली की लोखंडी गजासारखी लागायची.

कपाट तिला मान्य नव्हतं. चोर पहिलं कपाटच उघडतो. मग मिस्टरांनी एका वेल्डरकडून जाड पत्र्याची छोटी तिजोरी करून घेतली, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फरशीला बोल्ट मारून पक्की केली आणि तिच्यावर गव्हाची रिकामी कोठी पालथी घातली. किल्ली अक्काच्या परकराच्या नाडीला असायची.

"बँकेत लॉकर घेऊ या ना," मिस्टर म्हणायचे.

"माझं बँकेत खातं होतं, त्याच्यासोबतचं," अक्का म्हणायची. "सगळ्यात आधी त्याने तेच रिकामं केलं."

पुढे चांदीचा भाव चढायला लागला आणि चढतच गेला. भाजीवाल्यापासून शाळेच्या स्टाफरूमपर्यंत सगळीकडे तीच गोष्ट. अक्काला लोक गमतीने शेठाणी म्हणायला लागले. सराफाच्या पायऱ्या चढताना तिला वर्षानुवर्षं पाहिलेलं गाव होतं. गोष्ट डोईफोडियापर्यंत जायला वेळ लागला नसणार.

तो आला ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, भर दुपारी. दार नुसतं लोटलेलं होतं. मी पुढच्या खोलीत पेपर तपासत होते, अक्का मशीनवर. माणूस म्हातारा झाला होता, केस काळे केलेले, पांढरा शर्ट इस्त्रीचा. हातात कापडी पिशवी. त्याने पाणी मागितलं. मी सवयीने उठून पाणी दिलं. तो ते पूर्ण प्यायला आणि त्याने तांब्या माझ्या हातात परत दिला.

"भाव काय चाललाय पाहतेय ना," तो अक्काला म्हणाला. "तू माझी बायको आहे. सोडचिठ्ठी झाली का आपली? नाही झाली. मग जे तुझं आहे ते माझं आहे. अर्धं दे, मी जातो. झगडा नको मला."

अक्का मशीन चालवतच राहिली.

"तुझ्याशी बोलून राहिलो मी."

मी म्हटलं, "हे संध्याकाळी येतील, तेव्हा बोला. आत्ता जा."

पुढचं इतक्या पटकन झालं की आजही ते मला तुकड्यातुकड्याने आठवतं. त्याने माझे केस मागून धरले आणि माझं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. मला दुखलं नाही, आधी आवाजच आला, आतून, कानाच्या मागून. मग तोंडात काहीतरी कडक आलं. ते थुंकलं तर दात होता. मी खाली बसले. त्याने माझ्या बरगडीत लाथ घातली, मग पुन्हा तिथेच. पिशवीतून त्याने कोयता काढला, केळीचे घड कापायचा. त्याची धार घासून चमकवलेली होती.

"किल्ली," तो म्हणाला. माझ्या मानेवर त्याने कोयता ठेवला. तो थंड नव्हता, उन्हातून आला होता, तापलेला होता.

मशीन थांबलं. अक्का उठली. तिच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही. "त्यांना सोड," ती म्हणाली. "आत आहे. ये."

तो मला केसांनी फरफटत स्वयंपाकघरात घेऊन गेला. अक्काने कोठी बाजूला केली. परकराची नाडी वर ओढून किल्ली काढली, तिजोरी उघडली आणि एक थैली बाहेर घेतली. त्याने थैलीकडे पाहिलं आणि माझे केस सोडले. थैली घ्यायला त्याने मोकळा हात पुढे केला.

अक्काने थैलीचं नाडीकडचं टोक दोन्ही हातांत धरलं आणि ती त्याच्या तोंडावर मारली.

त्याचा जबडा एका बाजूला गेला आणि तिथेच राहिला. तो ओरडला नाही, त्याला ओरडताच येत नव्हतं. त्याने कोयता उचलला, तेव्हा दुसरा फटका त्याच्या मनगटावर बसला आणि कोयता फरशीवर पडून माझ्याकडे घसरत आला. मी तो ओट्याखाली ढकलला. तिसरा फटका खांद्यावर. तो गुडघ्यांवर आला, हात डोक्यावर घेतले. अक्काने त्या हातांवर मारलं. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. बोरं चावल्यासारखा, बारीक.

तो कुशीवर पडला. तिथे थांबायला हवं होतं. अक्का थांबली नाही. ती एका लयीत मारत होती, प्रत्येक फटक्याआधी थैली खांद्याच्या वर नेऊन. पाठीवर, मांडीवर, घोट्यावर. कापड फाटलं आणि सिक्के उडाले, ओट्यावर, भांड्यांच्या मांडणीवर, माझ्या अंगावर. काही त्याच्या रक्तात पडले आणि तिथेच चिकटून राहिले. ती उरलेल्या अर्ध्या थैलीने मारत राहिली.

मी तिला कमरेत धरलं. माझी बरगडी मोडलेली होती, श्वास घेताना आत सुई फिरत होती. तिने कोपराने मला मागे ढकललं.

"सोडा, वहिनी. अजून हलतोय तो."

"अक्का, मरेल तो."

"हो," ती म्हणाली, आणि पुन्हा हात वर केला.

मी तिच्या पायांना मिठी मारली आणि माझं सगळं वजन टाकलं. आम्ही दोघी पडलो. पडल्यावर तिच्या हातातली थैली सुटली. तिच्या तळहाताला कापडाच्या शिवणीने चिरा पडल्या होत्या. तो आमच्यापासून हातभर अंतरावर घरघरत श्वास घेत होता आणि प्रत्येक श्वासाला तोंडातून लाल फुगा येत होता. शेजारची बाई आवाज ऐकून आली, दारातून पाहिलं आणि तशीच ओरडत मागे पळाली. तिनेच पुढे माणसं बोलावली.

पोलीस आले, गाडी आली. त्याला आणि मला एकाच गाडीतून इस्पितळात नेलं, दुसरी नव्हती म्हणून. तो स्ट्रेचरवर, मी बाजूच्या बाकावर. त्याचा एक डोळा उघडा होता आणि सगळ्या वाटेत माझ्याकडे पाहत होता.

मिस्टर शाहपूरहून आले तेव्हा माझ्या ओठाला टाके घालून झाले होते. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि ते त्याच्या वॉर्डाकडे चालायला लागले. हवालदाराने त्यांना मिठी मारूनच अडवलं. "भैया, और मत मारो," तो म्हणाला. "मारायला जागा राहिली नाही त्याच्यावर." मिस्टरांनी भिंतीवर मूठ मारली आणि पुढे महिनाभर हात बांधून फिरले.

ठाण्यातल्या साहेबांनी माझा जबाब घेतला. माणूस वाईट नव्हता.

"पहिल्या फटक्यात जबडा तुटला. दुसऱ्यात कोयता पडला. बरोबर?"

"बरोबर."

"त्यानंतर किती मारले?"

"मी मोजले नाहीत."

"म्हणजे बरेच."

"तुम्ही त्याला पाहिलंय, साहेब," मी म्हटलं. ओठाच्या टाक्यांमुळे माझं बोलणं बोबडं येत होतं. "मी खाली होते. त्याचा कोयता माझ्या मानेवर होता. मला एवढं माहीत आहे की ती थांबली तेव्हा आम्ही दोघी जिवंत होतो."

मग त्यांनी लिहिलं. घरात घुसणं, कोयता, माझा दात, माझी बरगडी, हे सगळं त्याच्या नावावर गेलं. अक्कावरही चौकशी झाली, दोनतीनदा बोलावलं, पण पुढे काही लावलं नाही. सिक्के मात्र मुद्देमाल म्हणून जप्त झाले. एकेक उचलून, पिशवीत घालून, वर लाख लावून. अक्का दारात उभी राहून पाहत होती. रक्ताचे धुऊ का, तिने विचारलं. नाही म्हणाले.

त्यानंतर घरात मला तिची भीती वाटायची. हे मी मिस्टरांनासुद्धा सांगितलं नाही. ती पोळ्या लाटत असायची आणि माझं लक्ष तिच्या हातांकडे जायचं. तिला ते कळत असणार. एक दिवस माझ्यासाठी पेज गाळून आणताना ती म्हणाली, "वहिनी, त्या घरात मी बारीक आवाजातसुद्धा रडले नव्हते. ते सगळं एवढं आत होतं, ते मलाही माहीत नव्हतं." मग तिने वाटी माझ्यासमोर ठेवली आणि मशीनवर जाऊन बसली. त्यानंतर मी तिच्या हातांकडे पाहणं हळूहळू सोडलं.

तिने घटस्फोटाचा अर्ज केला. त्याच्या घरचे एकदा मिटवायला आले होते. केस मागे घ्या, आम्हीही सही देतो. अक्काने त्यांना बसा म्हटलं नाही. "सही तो देईल," ती म्हणाली. "केसही चालेल."

तारखेला आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचो आणि समोरच्या बाकावर तो. जबडा नीट जुळला नव्हता. चहा बशीत ओतून, मान तिरकी करून प्यायचा आणि अर्धा शर्टावर सांडायचा. अक्का त्याच्याकडे सरळ पाहायची. तो पाहायचा नाही. एकदा तो उठून आमच्या बाजूने आला, तशी ती बाकावरून उभी राहिली. तिच्या हातात काहीही नव्हतं. तो भिंतीला चिकटून, पूर्ण वळसा घालून गेला.

फोटो आणि वजन नोंदवून घेऊन कोर्टाने सिक्के कायमचे परत दिले. बरेचसे काळे झाले होते आणि काहींच्या कडेला कोळशासारखं काहीतरी वाळलेलं होतं. अक्काने ते चिंचेच्या पाण्यात घातले, राखेने घासले आणि उन्हात चादरीवर पसरले. लक्ष्मीच्या बोटांच्या फटीतलं काही निघालं नाही. तेवढे सिक्के तिने वेगळे काढले, सराफाकडे नेले आणि वितळवायला दिले. बाकीचे पुन्हा तिजोरीत गेले. सराफाने कटौती लावली नाही.

घटस्फोटाचा निकाल या हिवाळ्यात लागला. मारहाणीची केस अजून चालू आहे. वकिलाने कागद हातात दिला, तो अक्काने वाचला नाही, मला दिला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "भूक लागली." आम्ही हलवायाच्या दुकानात मावा जलेबी घेतली आणि बाहेरच्या लाकडी बाकावर बसलो. जलेबी गरम होती, पाक तिच्या मनगटावरून ओघळत होता. मला बसवलेल्या दाताने चावायला वेळ लागतो. तिची संपली तरी मी अर्ध्यावर होते.

"अजून एक घेऊ का?" तिने विचारलं.

"घ्या ना."

ती उठली, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि त्या डाव्या पायावर जरा झुकत गर्दीत शिरली.