ब्रेकवाले नाना

कुणाचीही सायकल उभी दिसली की नाना आधी तिचा ब्रेक दाबून बघत. सायकल कुणाची, मालक कुठे गेलाय, याच्याशी त्यांना घेणं नसे. ब्रेक ढिला निघाला की तिथेच उकिडवे बसायचे, खिशातून पाना काढायचे, आणि मालक धावत आला की वर त्यालाच सुनवायचे, "आधी थांबता येवाले पाहिजे भो, मंग पळानं."

दीपनगरच्या वसाहतीत आम्ही शेजारी. ते वीज केंद्रात फिटर, मी तिथेच स्टोअरमध्ये कारकून. नाना मूळचे शिंदखेड्याकडचे. इतकी वर्षं इकडे काढूनही 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' म्हणणं त्यांचं सुटलं नव्हतं. आम्ही त्यांची नक्कल करायचो, ते आमची करायचे. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच, दुसऱ्याच्या वस्तूची नको तितकी काळजी करणारा. लोक त्याला वैतागतात आणि अडलं की त्याच्याच दारात जातात.

नव्वदच्या आसपास आमच्याकडे जाड टायरच्या, सरळ हँडलच्या डोंगरी सायकली दिसू लागल्या. दांड्याच्या ब्रेकऐवजी त्यांना वायरचे ब्रेक होते. पन्नाशी ओलांडलेल्या नानांनी एक दिवस अशी सायकल दारात आणून उभी केली. त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

सायकल घेतली होती शर्यतीसाठी. यावलचं एक तरुण मंडळ ऐन थंडीत ती भरवायचं. पहाटे यावलहून निघायचं, केळीच्या बागा मागे टाकून सातपुड्याच्या जंगलात चढायचं, वरच्या नाक्याला वळसा घालायचा आणि घाट उतरून परत. पहिला कोण आला याचं फारसं कौतुक नव्हतं. सूर्य बुडायच्या आत जो शेवटच्या दोरीपाशी पोचेल, त्या प्रत्येकाला टॉवेल-टोपी मिळे. आमच्या खानदेशात मान म्हणजे टॉवेल-टोपीच. लग्नकार्यात नानांच्या खांद्यावर टॉवेल खूप पडले होते, पण ते नात्याचे. त्यांना एक कमावलेला हवा होता.

तो काही मिळत नव्हता. वाटेत कुणाचा ब्रेक घासताना ऐकू आला की नाना उतरलेच. घाटात निम्म्या लोकांचे ब्रेक त्यांनी नीट करून दिले असतील. ती मंडळी टॉवेल खांद्यावर टाकून चहा पीत असायची, तेव्हा हे अंधारात दोरी गुंडाळणाऱ्या पोरांना रामराम करत यायचे.

मग निवृत्तीचं वर्ष आलं. पुढच्या हिवाळ्याआधीच ते गावी जाणार होते, त्यामुळे ही शेवटची संधी होती. "औंदा कोनासाठी थांबाऊ नही," असं त्यांनी मला बजावून सांगितलं, जसा काही मीच त्यांना थांबवत होतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळीच अंगणात सायकल उलटी केली. रिमा राखेने घासल्या; वीज केंद्राच्या वसाहतीत राखेला काय तोटा. दंवाने रिम ओली झाली की रबर घसरतं, म्हणून रबरांवर पॉलिश पेपर मारला. मग रबरं रिमच्या इतकी जवळ आणली की मधून पोस्टकार्ड जेमतेम सरकलं असतं. हे सगळं करून ते दुपारच्या पाळीला गेले.

शर्यतीच्या दिवशी मी घाटाच्या मध्यावर पाणी द्यायला उभा होतो. थंडी अशी की पाण्याचा पेला कुणी हातात घेईना. बाकीचे कधीच वर गेले आणि नाना मात्र सायकल ढकलत येताना दिसले. ब्रेक एकदा दाबला की सुटतच नव्हता. रबर रिमला चिकटून राहिलं होतं आणि चाक जेमतेम फिरत होतं.

नानांनी वायरच्या टोकावर बोट फिरवलं. बोटाला पांढरं काहीतरी लागलं. त्यांनी हुंगलं आणि एकदम हसले.

"घरनं खोबरेल शे हाई."

मला कळायला एक क्षण लागला. अक्कांनी वायरमध्ये खोबरेल सोडलं होतं आणि पहाटेच्या गारठ्यात ते आत गोठलं होतं.

"वायर सोडून टाका नाना," मी म्हटलं. "निदान चढ तरी भरभर जाईल."

"ब्रेक सोडीसन घाट उतरानं? नही भो." दोन पावलं पुढे गेले आणि मागे वळले. "तिले सांगू नको."

वर ऊन लागलं तसं तेल पातळ झालं. उतरताना ब्रेक अगदी लोण्यासारखा चालला, असं ते नंतर सांगत. पण गेलेला वेळ काही परत येत नाही. ते यावलला पोचले तेव्हा दोरी गुंडाळून झाली होती.

घरी अक्का दारातच उभ्या होत्या. "काय व्हयनं?"

"दम पुरना नही," नाना म्हणाले.

त्याचा परिणाम असा झाला की अक्कांनी दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बिड्या बंद केल्या. नानांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. कधी माझ्या अंगणात येऊन मुकाट्याने एखादी ओढायचे आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. मला त्या माणसाचा त्या दिवसांत फार लळा लागला.

गावी गेल्यावर ते पुरती दोन वर्षंही राहिले नाहीत. ते वारल्याचं कळलं तसा मी शिंदखेड्याला गेलो. अक्का ओट्यावर बसल्या होत्या. आल्यागेल्याशी बोलून त्यांचा आवाज बसला होता, तरी मला बघून सायकलीचाच विषय काढला.

"त्या वरीस मी सोता ब्रेकले तेल घालेल व्हतं. बाटली उन्हात ठेईसन, पातळ करीसन, थेंब थेंब. त्यासले सांगंच नही. म्हटलं टॉवेल-टोपी घीसन येतीन, मंग सांगसू. मी मन्हाकडथीन बठ्ठं करं, भाऊ. त्यासना दमच पुरना नही ना?"

अक्का माझ्याकडे बघत होत्या.

"हो अक्का," मी म्हटलं. "दमच पुरला नाही."