रापणीतला रुकय्याचा वाटा

रुकय्या म्हणजे डोक्याला ताप, यावर हर्णैच्या तमाम नातेवाइकांचं एकमत होतं. शाळेत नापास, घरात उलट उत्तरं, आणि आत्याच्या खैरुद्दीनशी लग्न ठरवायला माणसं जमली तेव्हा तर ही पोरगी सरळ माडावर चढून बसली! शेवटी बापाने, बदरुद्दीनने, तिला आत्याच्या घरून आपल्याकडे शारजाला आणलं. तिथे त्याचं कापडाचं दुकान होतं. "उन्हाळाभरात सुधारली तर ठीक," तो बायकोला म्हणाला, "नाहीतर खलास. बोटीने परत, आणि खैरुद्दीनशी निकाह."

साल सदुसष्ट. घरात जीव नुसता उकडून निघायचा, म्हणून आई मरियमबी तिला संध्याकाळी किनाऱ्यावर न्यायची. तिथे एक दिवस रापण लागली होती. अगदी गावासारखी! लांबलचक जाळं पाण्यात आणि वाळूवरून दोर ओढणारी माणसं. गावचा रिवाज काय? दोराला हात लावील त्याला वाटा, मग बाई असो की म्हातारा. रुकय्याने ओढणी कमरेला आवळली आणि दोर धरला. इथे बाया दोर ओढत नाहीत, हे तिला कोण सांगणार? रापणीचा म्होरक्या, अरब नाखवा, बघतच राहिला.

"टाच रोव, नाहीतर दर्या तुलाच नेईल," मागून कोणीतरी चक्क मराठीत बोललं. तो दाभोळचा जमाल, रापणीवर कामाला होता.

"नेऊ दे की. घरापेक्षा बरा!"

जमाल मोठ्याने हसला, आणि त्या हसण्यावरच ही वेडी भाळली.

मग रोज तेच. मरियमबीने कानाडोळा केला. पोरगी पोटभर जेवत होती, गुणगुणत होती, आणखी काय पाहिजे आईला? हातांना घट्टे पडले, ते रुकय्या कौतुकाने बघायची. आपणही काही कामाच्या आहोत, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं.

पण बाजारात बभ्रा झालाच. बदरुद्दीन लालबुंद होऊन किनाऱ्यावर आला, तेव्हा वाटे पडत होते. नाखव्याने बापाचा मान राखून तिच्या वाट्याची टोपली त्याच्यापुढे धरली.

"त्यांना का?" रुकय्या कडाडली. "दोर मी ओढलाय. वाटा माझ्या हातात!"

जमालने ते अरबीत सांगितलं. नाखवा खो खो हसला आणि टोपली तिच्या हातात दिली.

घरी स्फोट झाला. "उद्याच बोटीचं तिकीट काढतो!"

"काढा. पण निकाहात मला विचारतीलच ना, अब्बा? भर मजलिशीत तीनदा नाही म्हणेन. मला जमाल हवाय, आणि त्याला मी."

"आणि उन्हाळाभर बोटं चाटत खाल्लेत ना," मरियमबी म्हणाली, "ते मासे हिच्याच वाट्याचे होते."

ही बोलते ते करते, हे बदरुद्दीनला पुरतं ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर, चारचौघांत आपला वाटा मागणारी लेक त्याला आवडली होती.

"जमाल कबूल?" त्याने खाली मान घालून विचारलं.

"कबूल!"

"नीट विचार कर, पोरी."

"कबूल, कबूल!" ती एवढ्या जोरात ओरडली, की शेजारची अन्वरी मुबारक द्यायला अनवाणीच धावत आली.