दुसऱ्या ओळीला हात लावायचा नाही

जरा जवळ ये वं माय. आणि ते बोटानं भराभर वर ढकलत वाचायचं आधी बंद कर. माझं लिहिलेलं तू लिफ्टमध्ये उभ्या उभ्या वाचतेस आणि फोनवर म्हणतेस, "छान लिहिलंस आई." काय छान लिहिलं विचारलं, की विषय बदलतेस. आज तसं चालणार नाही. आज एक कबुली द्यायची आहे, ती तुलाच द्यायची आहे.

तू बंगळूरला नोकरीला गेलीस तेव्हा तुझा कॉलेजातला कॉम्प्युटर इथं रनाळ्यातच राहिला. तुझे आबा होते तोवर त्याच्यावर जुनी चादर पडलेली असायची. ते गेले, घरात मी एकटी उरले आणि महिन्याभरात मीच ती चादर काढली. मागच्या वेळी आलीस तेव्हा चार दिवस माझ्याजवळ बसून सगळं शिकवलंस. मी विसरेन म्हणून व्हिडिओही करून ठेवलेस. त्यात तू दिसत नाहीस, पडद्यावर नुसता बाण फिरतो आणि तुझा आवाज येतो. "आई, आते उजवीकडे दाब. नही नही, उजवीकडे!" मी डावीकडेच दाबणार, हे तुला आधीच ठाऊक. एकात मागे कुकरची शिट्टी होते, एकात तू शिंकतेस आणि स्वतःच हसतेस. दुपारी भांडी झाली की मी ते लावून बसायची. शिकायला नव्हे गं, टाइप करणं मला केव्हाच जमलं होतं. घरात कुणीतरी बोलतंय म्हणून.

मग एकदा कॉम्प्युटर खरोखर बसला. निळा पडदा आला तो हलेच ना. तू म्हणालीस, विंडोज नव्यानं टाकावी लागेल, कपाटात पेनड्राइव्ह ठेवलाय तो काढ. रविवार होता. तीन तास तू फोनवर होतीस. मी सगळं वहीत आपल्या बोलीत उतरवून घेतलं. 'चालू करताच एफ बारा दाबत ऱ्हावानं.' 'पहिली ओळ पुसानी.' आणि खाली दोन रेघा मारून, 'दुसरी ओळले हात लावाना नही.' ओळी म्हणजे यंत्राच्या पोटातले कप्पे, त्यांची यादी पडद्यावर येते. दुसऱ्या ओळीत तुझे व्हिडिओ होते.

पुसून झाल्यावर नवी विंडोज भरत होती तसे पडद्यावर टक्के चढत होते, आणि ते चढेपर्यंत तुला फोन ठेवता येत नव्हता. सात टक्क्यांवर तू साहेबाची गाऱ्हाणी सांगितलीस. तीस टक्क्यांवर विचारलंस, शेतातली दादर ज्वारी निसवली का, कणसं आली का. साठावर तू म्हणालीस, आबांच्या हातचा चहा किती वाईट असायचा, आणि दोघी हसलो. आबा गेल्यानंतर तेवढं मी हसलेच नव्हते.

आता ऐक. त्यानंतर चारदा मी तुला सांगितलं, "निळा पडदा ऊना." तो आलाच नव्हता. धडधाकट कॉम्प्युटर मी पुसायला काढला, तू फोनवर बसावीस म्हणून.

तिसऱ्या वेळी यंत्र नाव विचारण्यापर्यंत आलं होतं, तेवढ्यात तुझी मोठी काकू चाळणी मागायला आली. दारातूनच म्हणाली, "काय वं, डबासंगे बोली ऱ्हायनी?"

"तो तरी इचारस मले, नाव काय तुन्हं."

"आम्ही इचारतस ना!"

"तुम्ही चाळणी इचारतस."

खूप हसली. पण बसली नाही. तिच्या घरी पाच माणसांच्या भाकरी व्हायच्या होत्या.

चौथ्यांदा फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "आई, मीटिंग शे. तुले आते सगळं येस. वही पाहीसन कर." किती कौतुकानं म्हणालीस! आणि मला राग आला. खोटं बोलले मी, रुसलेही मीच. एकटी बसले. पडद्यावर ओळींची यादी आली. आपल्याकडे दिवाळीला घर साफ करायला काढलं की एकही खोली सोडत नाहीत. एक कोपरा जरी राहिला तरी लक्ष्मी तिथूनच मागे फिरते, असं तुझी आजी म्हणायची. त्या रागात माझा हात तसाच चालला. पहिली ओळ पुसली, मग दुसरी. सगळं जाईल, चालेल का, असं यंत्रानं विचारलं. दाराशी आलेल्या विक्रेत्याला वाटेला लावावं तसं मी 'हो' दाबलं. वही मांडीवर उघडीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरून व्हिडिओ लावायला गेले, तेव्हा कळलं.

मला वाटलं, दर वेळी नव्यानं टाकलं की सगळं जिथल्या तिथं परत येतं, पडद्यावरचा तो कचऱ्याचा डबासुद्धा त्याच कोपऱ्यात. मग व्हिडिओही येतील. म्हणून आणखी दोनदा टाकलं. शेवटी कॉम्प्युटरचा डबा पिशवीत घालून बसनं नंदुरबारला नेला. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "मावशी, पुसल्यावर तिथंच थांबल्या असत्या तर काहीतरी निघालं असतं. तुम्ही त्याच्यावर दोनदा नवीन भरलं." मी चहा नको म्हटलं आणि परतीची बस धरली.

ज्या दिवशी पुसलं त्याच संध्याकाळी तू विचारलं होतंस, "व्हयनं का?" मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. "व्हयनं. मस्त चाली ऱ्हायना," म्हणाले. तू ऑफिसात सगळ्यांना सांगितलंस, माझी आई एकटी विंडोज टाकते. नंतर कळलं तेव्हाही मी तेच म्हणत राहिले. आता तुझा फोन येतो, "सगळं बराबर शे ना?" मी म्हणते, "शे." आणि तू ठेवतेस. तुझी काय चूक त्यात? बरोबर असलेल्या माणसाशी आणखी काय बोलायचं?

कॉम्प्युटर खरंच नीट चालतो आहे. हे त्याच्यावरच लिहिते आहे. म्हणून या वेळी तुला बोलवायला माझ्याकडे काही कारण नाही. रागावशील तर फोनवर रागावू नको, इथं येऊन समोर बसून रागाव, पाहिजे तितका वेळ. अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांच्या पोरी माहेरी येतात, पण तोवर थांबवत नाही गं. जोडून सुट्टी मिळेल तेव्हा विमानानं सुरतेला उतर, तिथून गाडी धर, मी स्टेशनवर येते. लवकर ये वं माय.