वहिनीच्या जागची सुपारी

दादाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीच्या सकाळीच वहिनीची पाळी आली. ती मागच्या खोलीत जाऊन बसली. गुरुजी अजिबात गडबडले नाहीत. पिशवीतून एक सुपारी काढून त्यांनी दादाला कमरेला खोचायला दिली. म्हणाले, "पत्नीच्या जागी ही. करा सुरुवात."

"आणि दादा नसता, तर वहिनीला अशी सुपारी घेऊन बसता आलं असतं?" मी विचारलं.

"तशी पद्धत नाही," ते हसून म्हणाले.

ही पद्धत कुणी पाडली असेल, कुणाच्या सोयीसाठी, असा संशय घोळवत मी मागच्या खोलीत गेले. वहिनी पंख्याखाली पाय पसरून पडली होती. मी तिची समजूत घालू लागले, तशी ती कुजबुजली, "अगं, पाळीबिळी काही नाही. महिनाभर एकटीनं सामान लावलंय. आज धुरात बसून वर पंगती वाढायचं त्राणच नव्हतं. नुसतं दमले म्हटलं असतं, तर कुणी ऐकलं असतं का?"

बाहेर मंत्र चालू होते. मी दार लोटून तिच्याशेजारी बसले. आमच्या आईची पाळीही नेमकी गौरी जेवायच्या दिवशीच यायची. तेव्हा मला तिची कीव वाटायची. आता संशय येतो.